कातड्याचे पहिले बारा तास: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली: शिकारीत मिळालेले किंवा घरात चालत आलेले कातडे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप कसे न्यावे? आधीच सांगतो की मी स्वतः कधी शिकार केलेली नाही. मात्र कातडी कमावण्याच्या कारखान्यात माझी तीस वर्षे गेली, आणि तिथे आलेल्या कच्च्या मालाकडे पाहून तो कोणाच्या हाताखालून कसा आला असेल, हे ओळखायची सवय लागली. उत्तरे त्या सवयीतून दिली आहेत.

प्रश्न : मी सहा वर्षांपासून टेक्सासमध्ये डॅलसला राहतो. मागच्या जूनमध्ये मित्रांबरोबर कर्व्हिलजवळच्या एका रँचवर चितळाच्या शिकारीला गेलो होतो. सकाळी नर मिळाला. कातडे काढून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले आणि बर्फाच्या पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी निघून रात्री घरी पोहोचलो आणि त्यापुढच्या दिवशी ते कमावायला दिले. काही आठवड्यांनी कारागिराने बोलावून दाखवले, तर पोटाकडचे आणि मांड्यांच्या आतले केस मुठीने सुटून येत होते. तो म्हणतो, चूक माझी. मला वाटते, त्याच्या रसायनांची. या वर्षी पुन्हा जाणार आहे. मला भिंतीवर मुंडके नको आहे, ठिपक्यांचे पूर्ण कातडे अंथरायला हवे आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपला कारागीर खरे बोलतो आहे. केस त्याच्याकडे सुटले असले, तरी ते सुटायला सुरुवात आपल्या पिशवीत झाली होती.

प्राणी पडला की त्याच्या अंगाची ऊब लगेच जात नाही, आणि कातड्यावर, केसांत व पोटात असलेले जिवाणू त्या उबेत भराभर वाढतात. त्यांचा पहिला घाला केसाच्या मुळाभोवतीच्या नाजूक थरावर होतो. तो थर सैल पडला की वरून केस शाबूत दिसतात, कातड्याला फारसा वासही येत नाही, पण कमावण्याच्या पाण्यात पडताच केस निघून येतात. आमच्या धंद्यात जुन्या काळी केस काढण्यासाठी हीच युक्ती मुद्दाम वापरत असत: ओली कातडी उबदार, कोंदट खोलीत टांगून ठेवायची आणि मुळे सैल झाली की केस खरवडून टाकायचे. काळ्या पिशवीत गरम कातड्याची घडी घट्ट बांधून आपण नकळत तशीच एक छोटी खोली तयार केलीत. बाहेर बर्फ होता हे खरे, पण कातडे आणि त्याचे केस हे उत्तम उष्णतारोधक असतात, त्यामुळे घडीच्या आतल्या पदरापर्यंत गारवा पोहोचायला कित्येक तास लागले असणार. पोट आणि मांड्यांची आतली बाजू प्रथम गेली, हेही त्याच्याशी जुळते, कारण तिथे केस विरळ, कातडे पातळ आणि आतड्यांची सोबत सर्वांत जवळची असते.

म्हणून या वर्षी निघण्यापूर्वीच एक गोष्ट ठरवा: कातडे थंड ठेवून आणायचे की खारवून आणायचे. दोन्ही मार्ग चांगले आहेत, मात्र त्यांची सरमिसळ करू नये. मीठ लावलेले कातडे घरच्या फ्रीजरमध्ये नीट गोठत नाही. मिठाचे पाणी कमी तापमानालाही पातळच राहते आणि मग ना धड मुरलेले, ना धड गोठलेले असे काहीतरी हाती येते.

जूनमधल्या टेक्सासमध्ये पारा ३८ अंशांपर्यंतही चढतो. चितळाची शिकार तिथे याच दिवसांत जास्त होते, कारण १९३२ साली भारतातून आणून सोडलेला हा प्राणी त्या राज्यात परका मानला जातो, त्याला बंदीचा हंगाम नाही आणि नरांची शिंगे उन्हाळ्यात पक्की झालेली असतात. तिथल्या मूळच्या हरणांची शिकार थंडीत होते, तेव्हा निसर्गच थोडी मदत करतो. इथे ती मदत नाही. त्यामुळे प्राणी पडल्यावर छायाचित्रे काढण्यात पाऊण तास घालवू नये. प्रथम पोट साफ करावे, सावलीत टांगावा आणि एक-दोन तासांच्या आत कातडे उतरवावे. प्राणी जमिनीवरून फरफटत नेऊ नये. खडकाळ जमिनीवर एका बाजूचे केस घासून तुटतात आणि तो दोष कोणताही कारागीर भरून काढू शकत नाही.

अंथरण्यासाठी हवे असेल, तर पोटाच्या मध्यरेषेवरून सरळ काप घ्यावा आणि पायांचे काप आतल्या बाजूने, जिथे पांढरे आणि रंगीत केस एकमेकांना मिळतात त्या रेषेवरून घ्यावेत. चितळाची शोभा त्याच्या पाठीवरच्या ठिपक्यांत आणि मधल्या गडद पट्ट्यात असते, ती अशाने अखंड राहते. उतरवताना सुरीपेक्षा मूठ जास्त चालवावी: कातडे ओढावे आणि मुठीने दाबत सोडवावे. सुरीने चिरत गेल्यास आतून बारीक खाचा पडतात, ज्या ओल्या कातड्यात दिसत नाहीत आणि कमावून ताणले की भोके होऊन उघडतात. शेपटीचे हाड ओढून काढावे आणि शेपटी खालून शेवटपर्यंत चिरावी; ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात आणि मग अख्खे कातडे चांगले राहून शेपूट तेवढी सडते.

थंड ठेवून न्यायचे असेल, तर उतरवलेले कातडे आधी सावलीत, वाऱ्यावर, मांसाची बाजू उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास पसरावे, म्हणजे अंगची ऊब निघून जाईल. नंतर ते सैलसर गुंडाळून सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात घालावे आणि पेटीत मोकळ्या बर्फाऐवजी पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या खाली-वर ठेवाव्यात. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात भिजत पडलेले कातडेही बिघडते. त्याच दिवशी घरी पोहोचून ते फ्रीजरमध्ये टाकणे किंवा कारागिराच्या हाती देणे शक्य असेल, तरच हा मार्ग घ्यावा. कर्व्हिल ते डॅलस हे साडेचारशे किलोमीटरांहून अधिक अंतर गाडीने पाच तासांच्या आसपास कापता येते. तेव्हा सकाळी शिकार आणि संध्याकाळी घर, असे जमवता आले तर उत्तम.

मुक्काम करायचा असेल, तर माझे मत स्पष्टपणे मिठाच्या बाजूने आहे. चितळाच्या ओल्या कातड्यासाठी त्याच्या वजनाइतके मीठ जवळ असावे. कारखान्यात आम्ही निम्म्या वजनाइतक्या मिठात काम भागवत असू, पण तिथे हात सराईत असतात आणि जमीन उताराची असते. नवख्याने हात सैल ठेवलेला बरा. मीठ बारीक आणि स्वच्छ हवे, आयोडीन नसलेले. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात ते मोठ्या पोत्यात मिळते. जाड खडे घेऊ नयेत, कारण खडा जिथे टेकतो तिथेच काम करतो आणि मधली जागा कोरडी राहते. एकदा वापरलेले मीठ झटकून पुन्हा वापरू नये. मिठातच वाढणारे काही जिवाणू असतात आणि त्यांचे लालसर डाग आमच्या कारखान्यात आलेल्या स्वस्त मालावर मी अनेकदा पाहिले आहेत.

मीठ लावण्याआधी कातड्याच्या आतल्या बाजूचे मांस, चरबी आणि पातळ पापुद्रे बोथट सुरीने खरवडून काढावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि याच कामात लोक अंग चोरतात. चरबीतून मीठ आत जात नाही. वर पांढरेशुभ्र मीठ पसरलेले दिसते आणि खाली कातडे कुजत असते. त्यानंतर सावलीत, थोड्या उतारावर, केस खाली करून कातडे पसरावे आणि मीठ तळहाताने चोळत कडांपर्यंत न्यावे. कडा आतल्या आत वळून बसतात, त्या उलगडून तिथे मीठ भरावे. पायांच्या चिंचोळ्या पट्ट्या आणि शेपूट यांकडे पुन्हा एकदा पाहावे. थोड्याच वेळात पाणी सुटू लागेल, ते वाहून जाऊ द्यावे. एक दिवसाने ओले मीठ झटकून टाकून तितकेच ताजे मीठ पुन्हा लावावे. आणखी एक दिवसाने कातडे दोरीवर टाकून वाऱ्यावर वाळवावे आणि ते पापडासारखे कडक होण्याआधी, अजून वाकते आहे तोवर, मांसाची बाजू आत घेऊन घडी घालावी. मुक्काम एकाच रात्रीचा असेल, तर पहिला थर रँचवर लावावा, पाणी निथळू द्यावे आणि उरलेले घरी पुरे करावे.

उन्हात मात्र कधीही वाळवू नये. ओले कातडे साठ अंशांच्या पुढे तापले की त्याचे तंतू आक्रसतात आणि शिजल्यासारखे होतात. पत्र्याचे छप्पर किंवा उन्हात उभ्या गाडीची बंद डिकी त्या तापमानाच्या जवळ सहज जाते. वाटेत जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा, एवढे तरी कराच.

कागदपत्रांचे म्हणाल, तर परका प्राणी असला तरी टेक्सासमध्ये शिकारीचा परवाना लागतोच. तो, आणि रँचमालकाने तारीख, प्राणी व आपले नाव लिहून दिलेली सहीची चिठ्ठी, हे दोन्ही कातड्याबरोबर असू द्यावे. कारागीरही ती मागू शकतो.

प्रश्न : शिकागोहून लिहीत आहे. सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोत एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाण्याचा माझा पहिलाच योग आहे. खांद्यापर्यंतचे मुंडके भिंतीवर लावायची इच्छा आहे. डोके जसेच्या तसे गाडीत घालून टॅक्सिडर्मिस्टकडे (प्राण्यांची मुंडकी भरून तयार करणाऱ्या कारागिराकडे) नेले तर चालेल ना? की विमानाने यावे?

उत्तर : डोके जसेच्या तसे नेऊ नये. कातड्याच्या दृष्टीने ते वाईट आहेच, पण त्याहून मोठे कारण कायद्याचे आहे.

हरणे, एल्क आणि मूस यांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग १९६७ साली कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांत प्रथम लक्षात आला. तो जिवाणूंनी किंवा विषाणूंनी होत नाही. वेड्यावाकड्या घडीच्या प्रथिनांमुळे होतो आणि ती प्रथिने शिजवून, गोठवून किंवा खारवून नष्ट होत नाहीत. मेंदू आणि पाठीचा कणा यांत ती सर्वाधिक असतात. म्हणून अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी बाहेरून येणाऱ्या मृत प्राण्याचे हे भाग हद्दीत आणण्यावर निर्बंध घातले आहेत. साधारणपणे हाडे काढलेले मांस, डोक्याविना कातडे, मेंदूचा अंशही न ठेवता स्वच्छ केलेली कवटीची पाटी व तिला जोडलेली शिंगे, आणि पूर्ण तयार झालेले मुंडके, एवढ्याच गोष्टी चालतात. नियमांचे तपशील राज्यागणिक बदलतात आणि कोलोरॅडोहून गाडीने येताना आपण नेब्रास्का आणि आयोवा ओलांडणार आहात, तेव्हा केवळ घरच्या राज्याचे नियम वाचून भागणार नाही. निघण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या वन्यजीव खात्याचे चालू वर्षाचे नियम पाहावेत.

याचा सरळ अर्थ असा, की डोक्याचे कातडे कोलोरॅडोतच कवटीवरून उतरवावे लागेल. आपला पहिलाच प्रसंग आहे, म्हणून माझा सल्ला असा की हे काम तिथल्याच एखाद्या टॅक्सिडर्मिस्टकडून पैसे देऊन करून घ्यावे. डोळ्यांच्या पापण्या, अश्रूंची खाच, नाकपुड्या आणि ओठ यांच्याभोवती सुरी चालवणे हे हाताचे कसब आहे, आणि पापणीची कड एकदा कापली गेली की मुंडके आयुष्यभर चकित झाल्यासारखे पाहत राहते. आपण स्वतः एवढेच सांभाळावे: खांद्यांच्या बरेच मागे, पुढच्या पायांमागे चांगली वीतभर जागा सोडून, छातीभोवती गोल काप घ्यावा आणि गळ्याला सुरी लावू नये. उभा काप घ्यायचाच तर मानेच्या पाठीमागून. कातडे आखूड कापले गेल्याच्या तक्रारी टॅक्सिडर्मिस्ट लोकांकडून मी जितक्या ऐकल्या, तितक्या दुसऱ्या कशाच्याही ऐकल्या नाहीत. एल्कच्या मानेवरची आयाळ दाट असते आणि तिच्याखाली ऊब दीर्घकाळ टिकते, त्यामुळे सप्टेंबरमधली रात्र कितीही थंड वाटली तरी मान आधी मोकळी करावी.

कान उलटे करणे आणि ओठ आतून चिरणे जमले नसेल, तर मीठ लावण्याच्या फंदात पडू नये. कातडे थंड करावे, गोठवावे आणि तसेच टॅक्सिडर्मिस्टच्या हाती द्यावे. विमानाने यायचे झाल्यास गोठवलेल्या पेटीबरोबर कोरडा बर्फ (ड्राय आइस) नेता येतो, पण विमान कंपनीच्या परवानगीने, प्रवाशामागे अडीच किलोपर्यंत, आणि वायू बाहेर पडेल अशी पेटी असेल तरच. ती हवाबंद करू नये, कारण कोरडा बर्फ वितळत नाही, त्याचा वायू होतो. शिंगे हे मात्र विमानात वेगळेच प्रकरण होऊन बसते. मला विचाराल तर गाडीच बरी. रोगाच्या तपासणीसाठी नमुना कोलोरॅडोतच द्यावा आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये.

प्रश्न : मी ह्यूस्टनला असतो. कराडला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची पुढच्या वैशाखात मुंज आहे. मामा म्हणून काहीतरी वेगळे न्यावे, असे मनात आहे. इथे टेक्सासमध्ये मी कायदेशीर परवान्याने मारलेल्या चितळाचे उत्तम कमावलेले कातडे माझ्याजवळ आहे. ते मृगाजिन म्हणून सामानातून नेता येईल का? पावती, परवाना सगळे आहे.

उत्तर : मामासाहेब, नेऊ नका. आपला हेतू चांगला आहे आणि आपण टेक्सासमध्ये कोणताही गुन्हा केलेला नाही, हे मान्य करूनही उत्तर तेच राहते.

भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. चितळ आणि काळवीट हे दोन्ही प्राणी त्याच्या अनुसूचींत आहेत, आणि भारताच्या आयात धोरणानुसार अशा वन्य प्राण्यांची, त्यांच्या अवयवांची आणि त्यांपासून केलेल्या वस्तूंची आयात निषिद्ध आहे. आपले चितळ टेक्सासमध्ये जन्मले, त्याच्या कित्येक पिढ्या तिथेच गेल्या, हे खरे. पण कातड्यावर जन्मगाव लिहिलेले नसते आणि मुंबईच्या विमानतळावर ते चितळाचे कातडेच ठरते. त्यातच या कायद्याच्या ५७व्या कलमानुसार अशी वस्तू एखाद्याच्या ताब्यात सापडली, तर ती बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर येते. आपण सुटीला आलेले. ते सिद्ध करत बसण्याची वेळ कराडच्या बहिणीवर आणि मेव्हण्यांवर येईल. परवाना दाखवून सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटवता येईल, अशी आशा धरू नये, कारण टेक्सासचा परवाना शिकारीचा आहे. भारतात आयात करण्याचा नाही.

मृगाजिनाबद्दल थोडे बोलतो. गृह्यसूत्रांत बटूच्या वर्णानुसार काळवीट, रुरु मृग आणि बोकड अशी वेगवेगळी अजिने सांगितली आहेत, म्हणजे बोकडाचे कातडे परंपरेला अगदीच अपरिचित नाही. कमावलेले, केसांसहित बोकडाचे कातडे इथे भारतातच कायदेशीररीत्या मिळते. गुरुजींना आधी विचारून तसा तुकडा घेता येईल. पूजासाहित्याच्या दुकानात हरणाचे म्हणून कोणी तुकडा पुढे केला, तर मात्र तो घेऊ नये. तो खरा असेल तर गुन्हा आहे आणि खोटा असेल तर रंगवलेल्या बोकडाचे दाम हरणाच्या भावाने गेले. आपले चितळाचे कातडे ह्यूस्टनलाच राहू द्या, आणि मामाने न्यायच्या बाकी गोष्टींची यादी बहिणीकडून मागवून घ्या. ती लांबच असणार.

प्रश्न : साताऱ्याचा आमचा वाडा विकला जात आहे. त्यात आजोबांच्या वेळचे, मुंडक्यासह वाघाचे कातडे आहे. वडिलांच्या नावे वन खात्याचे मालकी प्रमाणपत्र आहे. वडील गेल्या महिन्यात वारले. मी बंगळूरला राहते. ते कातडे गाडीत घालून घेऊन जाऊ का?

उत्तर : अजून नाही. प्रमाणपत्र वडिलांच्या नावे होते. ते आपोआप आपल्या नावे होत नाही. वारसाहक्काने अशी वस्तू मिळाल्यावर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावे लागते, आणि आपले त्यांपैकी काही दिवस गेले आहेत, म्हणून वाड्याच्या खरेदीखताआधी हे काम हाती घ्या. ही वस्तू विकता येत नाही, वाड्याबरोबर ‘जशी आहे तशी’ देऊन टाकताही येत नाही. वाडा घेणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्यास ३० दिवसांच्या आत तसे कळवावे लागते, पण मी म्हणेन की नेण्याआधीच साताऱ्याच्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि हाती कागद आल्यावरच गाडी काढा. ठेवायची इच्छाच नसेल, तर कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अशी वस्तू स्वेच्छेने, मोबदल्याविना, सरकारजमा करण्याची सोय केली आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. त्या काळी कातड्यांना कसर लागू नये म्हणून आतून सोमलयुक्त साबण चोळत असत, आणि ते विष इतक्या वर्षांनीही कातड्यात राहते. तेव्हा झटकणे, दांडीवर टाकून बडवणे किंवा मुलांना वाघाच्या पाठीवर बसवून फोटो काढणे हे करू नये. हातमोजे आणि मुखपट्टी लावून, घडी न घालता, जुन्या स्वच्छ चादरीत सैल गुंडाळावे, डोक्याखाली वेगळी उशी द्यावी, आणि ती चादर नंतर घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नये.